दहा जण, सात जागा आणि एक तास

रविवारी सकाळी पावणेसातला परळच्या एका टर्फच्या, म्हणजे तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या छोट्या फुटबॉल मैदानाच्या, जाळीबाहेर उभा असतो, तेव्हा कोण कुठे खेळणार याची चिंता मला नसते. किती आले, याची असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर चौदा अंगठे पडलेले असतात. जाळीबाहेर सहा माणसं. दोघं ‘करी रोडला उतरलो’ म्हणतात, एकाचा फोन लागत नाही आणि एक जण ‘निघालोच’ म्हणतो, म्हणजे तो अजून चादरीत आहे. सातला टर्फ सुरू, आठला बंद. आठच्या बुकिंगवाले पावणेआठपासूनच जाळीला नाक लावून उभे.

संघ लावायचं काम माझ्याकडे आलं ते मला फुटबॉल फार कळतो म्हणून नव्हे. बिब, म्हणजे संघ ओळखू यावा म्हणून अंगावर चढवायच्या बंड्या, धुवायला घरी नेतो मी, वर्गणी गोळा करतो मी, तेव्हा कोणाला आत पाठवायचं आणि कोणाला बाहेर काढायचं हेही ओघानेच गळ्यात पडलं. पहिली दोन वर्षं मी ते खेळता खेळता ठरवायचो. याहून वाईट पद्धत मला माहीत नाही. धाप लागलेली, दोन गोल खाल्लेले, बाकावरून कोणीतरी ‘माझा नंबर कधी रे?’ म्हणून ओरडतोय, अशा वेळी जो निर्णय होतो तो सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याच्या बाजूने होतो. म्हणून आता सगळं आदल्या रात्री कागदावर. तो कागद कसा बनवायचा ते सांगतो.

आधी आकड्यांचं कोडं. टीव्हीवर समालोचक ४-३-३, ४-४-२ म्हणतात, ते आपल्या गोलकडून समोरच्या गोलकडे वाचायचं. चार बॅक, तीन मधले, तीन फॉरवर्ड. गोलीला यात मोजत नाहीत, म्हणून बेरीज नेहमी दहा. टर्फवर सात जणांचा संघ असेल तर बेरीज सहा: २-२-२, २-३-१ किंवा ३-२-१. मोठं मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटर असतं, तिथे विंगरला, म्हणजे कडेने खेळणाऱ्याला, पळायला खरोखरच रस्ता असतो. टर्फवर चार पावलांत जाळी लागते. टीव्हीवर पाहिलेली रचना तशीच्या तशी टर्फवर आणायचा हट्ट आम्हीही केला. दोन विंगर जाळीला पाठ लावून उभे राहिले आणि मधे मोकळं रान पडलं.

तीनपैकी कुठली रचना घ्यावी? समोरचा संघ तगडा असेल तर ३-२-१ म्हणजे मागे कुंपण घालून खेळणं. २-३-१ मधे मधले तिघं सतत धावतात, फुप्फुसं चांगली असतील तरच जमतं. आमच्यासारख्या आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्यांना २-२-२ बरी. प्रत्येक ओळीत दोघं, प्रत्येकाला आपला जोडीदार कोण ते माहीत. आणि बदल्यांचा हिशेब तिच्यात इतका सोपा बसतो की त्या एका कारणासाठीही मी तिलाच मत देईन.

आता माणसं. संघात नवा कोणी आला की मी त्याला ‘तुझी पोझिशन काय?’ असं विचारत नाही. तसं विचारलं की दहापैकी आठ जण ‘स्ट्रायकर’ म्हणतात. मी वहीत त्याच्या नावापुढे तीन रकाने करतो. पहिला घरची जागा: जिथे डोळे मिटून खेळेल. दुसरा पाहुण्याची जागा: जिथे वेळ पडली तर निभावून नेईल. तिसरा नको ती जागा: जिथे त्याला ठेवलं तर त्याचाही रविवार जाईल आणि आमचाही. मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा. घरची जागा प्रत्येकाची असते. संघ उभा राहतो तो पाहुण्यांच्या जागांवर, कारण कोण दांडी मारेल याचा भरवसा नसतो.

रकाने भरताना काही गोष्टी बघाव्या लागतात. डावखुऱ्या पायाचा एखादा जरी असला तरी त्याला डावी बाजू देऊन टाकायची. उजव्या पायाचा माणूस डावीकडे ठेवला की तो प्रत्येक चेंडू आत, गर्दीत ओढून आणतो. मागे तो ठेवायचा जो बोलतो. स्टॉपरला, म्हणजे गोलीच्या पुढ्यातल्या बचावपटूला, समोर सगळं मैदान दिसत असतं. ‘मागे आहे’, ‘एकटा आहेस’, ‘सोड’ एवढे तीन शब्द जो वेळेवर ओरडू शकतो तो गप्प राहणाऱ्या चपळ पोरापेक्षा जास्त गोल वाचवतो. आमचा स्टॉपर बेचाळीस वर्षांचा आहे. गुडघा दुखतो, पळणं बेताचं, पण तोंड अखंड चालू. त्याच्यामुळे बाकीचे तिघं-चौघं आपोआप योग्य जागी उभे राहतात.

आणि सगळ्यात चांगला खेळाडू? त्याला पुढे ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. माझं मत उलटं आहे. आमच्या पातळीवर निम्म्याहून जास्त गोल कोणाच्या तरी घोळामुळे होतात: चुकलेला पास, पायाखालून गेलेला चेंडू. म्हणून ज्याच्या हातून कमीत कमी घोळ होतो तो गोलीच्या पुढ्यात किंवा बरोबर मधे असावा. पुढे ठेवलेला हिरो चेंडूची वाट बघत राहतो, कारण चेंडू त्याच्यापर्यंत पोचवणारं मागे कोणी नसतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

इथपर्यंत सगळे करतात. पुढचा भाग कोणी करत नाही: मिनिटांचा हिशेब.

हिशेब सोपा आहे. जागा गुणिले मिनिटं, भागिले माणसं. टर्फचा तास साठ मिनिटांचा. त्यातून अंग गरम करणं, मधली विश्रांती, जर्सी शोधणं वजा जाता खेळायला अठ्ठेचाळीस मिनिटं मिळतात असं धरू. दहा जण आलेत, त्यातला एक गोली आणि तो पूर्ण वेळ गोलमधेच. उरले नऊ जण, जागा सहा. सहा गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे २८८ मिनिटं. भागिले नऊ, प्रत्येकी ३२ मिनिटं. वर्गणी सगळ्यांनी सारखी दिलीय, तर मिनिटंही सारखी, असा आमचा कायदा. ज्यांना फक्त जिंकायचं आहे त्यांनी वेगळा कायदा करावा. पण मग बाकावरच्यांकडून कमी वर्गणी घ्यावी.

आता ही ३२ मिनिटं वाटायची कशी? माझे आजोबा गिरणीत होते. घरात ‘पाळी’ हा शब्द घड्याळापेक्षा जास्त वापरला जायचा: पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. मी सामन्याच्याही पाळ्या करतो. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आठ-आठ मिनिटांच्या सहा पाळ्या, तीन विश्रांतीआधी, तीन नंतर. प्रत्येक पाळीत सहा जण आत, तिघं बाकावर. म्हणजे प्रत्येक जण चार पाळ्या खेळणार, दोन पाळ्या बसणार. चार आठे बत्तीस. जमलं.

पण कुठले तिघं बसवायचे, यात खरी गोम आहे, आणि ती मी तोंडावर आपटून शिकलो.

एका पावसाळ्यात ओळखीच्याच एका संघाशी सामना होता. आम्ही ३-० ने पुढे. बारा मिनिटं बाकी. बाकावर तिघं ओल्या बिबमधे कुडकुडत बसले होते, त्यांची मला दया आली. मी मागचे दोघं आणि मधला एक असे तिघं एका झटक्यात बाहेर काढले आणि ते तिघं आत सोडले. खेळाडू म्हणून ते वाईट नव्हते. पण मागच्या जोडीचं एक साधं गणित असतं: एकाने चेंडूवर जायचं, दुसऱ्याने दोन पावलं मागे राहून राखण करायची. हे दोघं थंडगार आत आले होते, एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. पहिल्या चेंडूवर दोघंही धावून गेले. गोल. पुढच्या चेंडूवर दोघंही मागे थांबले. गोल. मग दोघांनी एकमेकांकडे बघून हात वर केले, तेवढ्यात तिसरा. चौथा कसा झाला ते मला आठवत नाही, मी तेव्हा जाळीकडे तोंड करून उभा होतो. ३-० चं ३-४.

तेव्हापासून कागदावरचा पहिला नियम: एका ओळीतला एकच माणूस एका वेळी बाहेर. एक जुना आत राहिला पाहिजे, म्हणजे नव्याला तो सांभाळून घेतो. २-२-२ मधे हे आपसूक बसतं. नऊ जणांच्या तीन-तीनच्या तीन ओळी करायच्या: मागचे तिघं, मधले तिघं, पुढचे तिघं. प्रत्येक ओळीत जागा दोन, माणसं तीन. प्रत्येक पाळीला प्रत्येक ओळीतला एक जण बसतो. बाकावरचं त्रिकूट असं उभं कापलेलं असतं, आडवं नाही.

जर्सीच्या नंबरांनी दाखवतो. मागे २, ३, ४. मधे ६, ७, ८. पुढे ९, १०, ११. यातले ४, ८ आणि १० हे आपापल्या ओळीतले पक्के गडी. बाकावर कोण, ते असं:

पहिली पाळी: २, ६, १०
दुसरी पाळी: ३, ८, ९
तिसरी पाळी: ४, ७, ११
(विश्रांती)
चौथी पाळी: २, ८, १०
पाचवी पाळी: ४, ६, ९
सहावी पाळी: ३, ७, ११

पेन्सिल घेऊन तपासून बघा. प्रत्येक नंबर दोनदाच येतो. लागोपाठ दोन पाळ्या कोणी बसत नाही. मागच्या तिघांच्या तीन जोड्या होतात, ३-४, २-४ आणि २-३, आणि प्रत्येक जोडी दोन-दोन पाळ्या एकत्र खेळते. चार रविवारांत कुठलीही जोडी एकमेकांना परकी राहत नाही. तिन्ही पक्के गडी एकदम बाहेर कधीच नसतात. शेवटच्या पाळीत मात्र तिघंही आत असतात, कारण शेवटची आठ मिनिटं सगळ्यात महाग. त्याची किंमत चौथ्या पाळीत मोजावी लागते, तेव्हा ८ आणि १० दोघं बाकावर असतात. फुकट काहीच मिळत नाही. ती किंमत विश्रांतीनंतर लगेच मोजायची, कारण तेव्हा सगळ्यांच्या अंगात थोडा दम परत आलेला असतो.

यात एक अन्याय राहतो. ७ आणि ११ नंबरवाले दोन्ही अर्धांच्या शेवटी बाकावरून टाळ्या वाजवतात. म्हणून पुढच्या रविवारी ६ आणि ७, ९ आणि ११ यांच्या जागा कागदावर अदलाबदल. एवढं केलं की ‘नेहमी मीच का?’ हा प्रश्न निम्म्याने कमी होतो. उरलेला निम्मा स्वभावातून येतो, त्याला कागदाचा उपयोग नाही.

दहाऐवजी नऊच आले तर? गोली सोडून आठ, जागा सहा. २८८ भागिले आठ, ३६ मिनिटं. बारा-बारा मिनिटांच्या चार पाळ्या, प्रत्येक पाळीला दोघं बाकावर, प्रत्येक जण एकदाच बसणार. आठच आले तर सात जणांत सहा जागा, म्हणजे जवळजवळ दर सात मिनिटांनी एकेक जण बाहेर, गिरकी पूर्ण. हे तिन्ही कागद मी तयार ठेवतो. पावणेसातला डोकी मोजली की हवा तो कागद वर काढायचा आणि बाकीचे दोन खिशात.

सात, आठ, फार तर बारा मिनिटांची पाळी का, पंधराची का नाही? मुंबईची हवा. ऑक्टोबरमधे सकाळी सातलाही घाम वाळत नाही. घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, आणि अंग थंड झालं नाही की पाय आधी जड होतात, मग पोटरीत गोळा येतो. आठवड्यातून एकदा खेळणारा माणूस अशा एक-दोन पाळ्या जीव तोडून पळू शकतो, नंतर तो पाट्या टाकतो. त्याला तेव्हाच बाहेर काढून पाणी पाजलं तर पुढच्या पाळीला तो पुन्हा नवा. पाळ्या पंधराच्या केल्या तर उरलेला सामना गेला. चिखलाच्या मैदानावर तर पाळी आणखी छोटी करतो, कारण चिखलात प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं.

आत जाणाऱ्याने निदान दोन मिनिटं आधी उठून जाळीच्या कडेने धावलं पाहिजे. बाकावरून थेट आत गेलेला माणूस पहिली दोन मिनिटं आपल्या पायांची ओळख करून घेण्यात घालवतो. लोकलमधून उतरून धावत आलेल्यालाही मी लगेच आत सोडत नाही. तो म्हणतो ‘मी धावतच आलोय, गरमच आहे.’ ती धावपळ वेगळी.

उशिरा येणारा पहिल्या पाळीच्या बाकावर, हा दुसरा नियम. ज्याला लवकर निघायचंय तो कागदावर आधीच्या पाळ्या घेतो. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, आणि आमचा सामना कधी दहाचा असला तर हार्बरवाले दोघं खेळताना चेंडूपेक्षा घड्याळाकडे जास्त बघतात. त्यांच्या पाळ्या पुढे सरकवून टाकलेल्या बऱ्या. डोकं वाशीच्या गाडीत असलेला स्टॉपर मला नको.

गोलीचं प्रकरण निराळं. ज्या संघाला स्वतःहून गोलमधे उभा राहणारा माणूस मिळाला त्याने त्याच्याकडून वर्गणी घेऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे. तो नसेल तर गोलीपद अर्ध्या-अर्ध्या सामन्याचं करायचं, पाळीपाळीचं कधीच नाही. गोलीला चेंडूचा अंदाज यायलाच दहा मिनिटं लागतात. आणि पहिल्या अर्धात जो गोलमधे उभा राहिला त्याला दुसऱ्या अर्धात बाकावर बसवायचं नाही, घरची जागा द्यायची. हा अलिखित करार मोडला की पुढच्या वेळी हात वर करणारा कोणी सापडत नाही.

टर्फवर बाहेर गेलेला माणूस पुन्हा आत येऊ शकतो, म्हणून हे सगळं चालतं. मोठ्या मैदानावर अकरा जणांच्या स्पर्धेत उतरलो की गणित बदलतं. फुटबॉलच्या नियमांप्रमाणे अधिकृत स्पर्धांत एका संघाला पाचपर्यंत बदल्या करता येतात, पण त्यासाठी खेळ थांबवायच्या संधी तीनच. विश्रांतीतली बदली यात धरत नाहीत. एकदा बाहेर गेलेला परत येत नाही. हौशी, लहान मुलांच्या किंवा ज्येष्ठांच्या सामन्यांत मात्र परत येण्याची मुभा देता येते. त्यामुळे स्पर्धेत नाव घालतानाच आयोजकाला तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: बदल्या किती, थांबे किती, परत येता येतं का. सामन्याच्या मधे पंचाशी हुज्जत घालून यातलं काहीच बदलत नाही. आणि सातपेक्षा कमी माणसं राहिली तर सामनाच होऊ शकत नाही, हेही मेगाब्लॉकच्या दिवशी लक्षात ठेवावं.

पाच बदल्या ही चैन तशी नवीनच. मुंबईत रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा सुरू झाली १८९१ साली. तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक दशकं बदली खेळाडू हा प्रकार नियमांत नव्हता. पाय मुरगळला तर लंगडत खेळा, नाहीतर संघ दहा जणांचा. विश्वचषकात बदली खेळाडू पहिल्यांदा उतरला तो १९७० साली मेक्सिकोत, आणि तेव्हा सामन्याला दोनच बदल्या होत्या. पाचाची परवानगी २०२० मधे कोविडमुळे तात्पुरती आली आणि नंतर कायमची झाली.

बदली नसतानाच्या काळात ‘पाहुण्याची जागा’ किती मोलाची होती याचं आपल्याकडचं उदाहरण जकार्ताचं आहे. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत भारताचा स्टॉपर जर्नेल सिंग याच्या डोक्याला मार लागून टाके पडले होते. मागे खेळायचं तर उंच चेंडू डोक्याने परतवणं आलंच. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला उपांत्य आणि अंतिम सामन्यात थेट पुढे, फॉरवर्ड म्हणून खेळवलं. दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून भारताने सुवर्णपदक घेतलं. रहीमसाहेबांच्या वहीत जर्नेलच्या नावापुढचा दुसरा रकाना कोरा नव्हता, एवढं नक्की.

मोठ्या मैदानाचा कागद मी असा लावतो. समजा पंधरा जण, सत्तर मिनिटांचा सामना, परत येणं नाही, बदल्या चार. चारही विश्रांतीत करून टाकल्या तर वाटणी सुरेख होते, आठ जणांना पस्तीस-पस्तीस मिनिटं. पण पुढच्या मिनिटाला कोणाचा पाय मुरगळला की संघ दहा जणांचा. म्हणून विश्रांतीत दोन, पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास एक, आणि एक हातचा राखलेला, साठीपर्यंत. हातचा कोण, तेही ठरलेलं: दुसरा रकाना ज्याचा सगळ्यात लांबलचक आहे तो. मागे-मधे-पुढे कुठेही बसू शकेल असा. फक्त स्ट्रायकर म्हणून खेळणारा हातचा ठेवला आणि जखमी झाला लेफ्ट बॅक, की संपलं.

हातचा राखणं म्हणजे काय ते २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सने दाखवलं. कोस्टा रिकाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना ०-० असताना, जादा वेळही संपत आला असताना, प्रशिक्षक लुई व्हॅन गाल यांनी शेवटची बदली वापरली: गोली बदलला. यास्पर सिलेसन बाहेर, टिम क्रूल आत, फक्त बरोबरी फोडणाऱ्या पेनल्टींसाठी. क्रूलने दोन पेनल्टी अडवल्या. यातली मला आवडणारी गोष्ट वेगळी आहे. क्रूलला हे आधीपासून माहीत होतं, बाहेर गेलेल्या सिलेसनला मात्र नव्हतं. त्याने रागाने पाण्याच्या बाटलीला लाथ मारली. विश्वचषकातला गोली बाटलीला लाथ मारतो, तर आपल्या संघातला माणूस तोंड फुगवणारच.

म्हणूनच कागद तयार झाला की रात्री ग्रुपवर टाकतो. आत कोण, बाहेर कोण, कितव्या मिनिटाला. आपला नंबर सोळाव्या मिनिटाला आहे हे माहीत असलेला माणूस बाकावर शांत बसतो, सामना बघतो, समोरचा कुठल्या पायाने मारतो ते हेरतो. माहीत नसलेला माणूस फक्त माझ्याकडे बघतो. घड्याळ माझ्याकडे नसतंच. मी आत खेळत असतो, आणि खेळणाऱ्याला स्वतःची आठ मिनिटं नेहमी पाचच वाटतात. घड्याळ बाकावरच्या एकाकडे असतं, तो पाळी संपली की शिट्टी मारतो. तो आत जाताना घड्याळ बाहेर येणाऱ्याच्या हातात. चेंडू खेळात असताना बदली नाही. थ्रो-इन किंवा गोलकिकपर्यंत थांबायचं. मोठ्या मैदानावर तर बाहेर जाणारा रेषेपलीकडे गेल्याशिवाय आणि पंचाने खूण केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

स्पर्धेत मिनिटं सारखी वाटता येत नाहीत, म्हणून मी उधारीची वही ठेवतो, किराणा दुकानात असते तशी. शेवटी उतरलेल्या हातच्याला दहा मिनिटं मिळाली, बाकीच्यांना पन्नास. ते चाळीस त्याच्या नावावर जमा. पुढच्या सामन्यात तो पहिल्या मिनिटापासून आत. दोन वर्षांत एकदाच एकाने वहीवर शंका घेतली. मी वही त्याच्याकडे दिली आणि म्हटलं, आजपासून तू सांभाळ. दुसऱ्या रविवारी परत आणून दिली.

हरत असलो तर शेवटच्या पाळीत मागचा एक कमी करून पुढे एक वाढवायचा, १-२-३. जिंकत असलो तर उलट. एवढा एकच बदल मी आयत्या वेळेसाठी मोकळा ठेवतो. त्याहून जास्त चतुराई केली की आम्ही गोल खातो.

कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्याच्या बाटलीखाली ठेवायचा. पावसात शाई पसरते, म्हणून पेन्सिल.

या रविवारचा कागद अजून अर्धाच आहे. गणपती तोंडावर आलेत, मागचे दोघं कोकणात निघालेत आणि गोली तर कालच कणकवलीला पोचलाय. त्याच्या जागी गोलमधे कोण उभं राहणार, असं काल रात्री ग्रुपवर विचारलं. निळ्या खुणा सगळ्यांच्या आल्या. उत्तर एकाचंही नाही. एकाने मोदकाचा फोटो टाकलाय.